पंचेचाळिशीच्या आत ऑस्ट्रेलिया

३ फेब्रुवारी, लाबासा, फिजी
निर्णय पक्का. शिक्षकाला ऑस्ट्रेलियात जाण्याचे मार्ग तीन : गुणांवर मिळणारा कायमचा व्हिसा, तिथल्या शाळेने बोलावल्यावर मिळणारा कामाचा व्हिसा, आणि शिकायला जाऊन पुढे तिथेच नोकरी शोधणे. पहिला सर्वांत सन्मानाचा. अट मात्र निष्ठुर : वय पंचेचाळिशीच्या आत हवे. मला ३० ऑक्टोबरला पंचेचाळीस पूर्ण होतात. जवळजवळ नऊ महिने हातात. भरपूर.

९ फेब्रुवारी
तिन्ही मार्गांचा रंगीत तक्ता करून शिक्षकखोलीत लावला. गणिताच्या तरुण शिक्षिका लोसालिनी यांना दोन तास समजावून दिला. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, की फॉर्म कुठे मिळतो. पायाच कच्चा.

२७ फेब्रुवारी
इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. लेखन-वाचनात सात, बोलण्या-ऐकण्यात आठ. एकवीस वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्याने तयारी करणे हा विषयाचा अपमान. सध्या तक्त्याची दुसरी आवृत्ती.

२२ मार्च
गावी गेलो. परदेशी जाण्याआधी वडीलधाऱ्यांपुढे यंगोनाची, म्हणजे मानाचे पेय ज्यापासून करतात त्या झुडपाची, मुळे ठेवून निरोप मागायचा, ही आमची रीत. अकानिसीचे, म्हणजे बायकोचे, म्हणणे की आधी फॉर्म. तिला समजावले, की एकमेकींवर अवलंबून नसलेल्या पायऱ्या कोणत्याही क्रमाने चढता येतात. जोवेसामामांनी मुळे स्वीकारली, भाषण केले, रडले. सहा चटया मिळाल्या. सगळे गाव गायले.

११ एप्रिल
बाजारात मामा भेटले. “मास्तर, विमान चुकलं का हो?” तारोचे कंद विकणाऱ्या बायका हसल्या. कागदपत्रांच्या प्रक्रियेचे टप्पे समजावले. पाचव्या टप्प्याला मामा निघून गेले. (फॉर्म अद्याप भरलेला नाही, हे टप्प्यांत येत नाही.) यापुढे बाजारात अकानिसी जाईल.

३ मे
चर्चमध्ये पाळकांनी समुद्रापार गेलेल्यांसाठी प्रार्थना केली. त्यांत माझे नाव. मी शेवटच्या बाकावर होतो. मान खालीच ठेवली. प्रार्थनेत ती तशी असतेच.

संध्याकाळी अकानिसीने कसावा सोलता सोलता सांगितले, “मास्तर, तुमचा तक्ता राहू द्या. गावानं आपल्याला निरोप दिलाय. आता या घरातनं कुणीतरी गेलंच पाहिजे.”

ती बालवाडीत शिकवते, वय सदतीस. दुसऱ्या मार्गाविषयी विचारू लागली. नोकरी मागत फिरणे शिक्षकाला कसे शोभत नाही, हे सविस्तर सांगितले. मी सांगत होतो, ती लिहीत होती. टिपणे घेत असावी. समाधान वाटले.

१९ जुलै
लोसालिनी ब्रिस्बेनला गेल्या. निघताना तक्त्याबद्दल आभार मानले. हे माझेच पहिले यश समजतो.
माझ्या परीक्षेचा निकाल : बोलण्यात साडेसहा. परीक्षक बाईंनी प्रस्तावनेतच थांबवले. मुद्द्यावर या, म्हणाल्या. मुद्द्याला पार्श्वभूमी लागते, हे त्यांना समजावेपर्यंत वेळ संपली. ऑगस्टमध्ये पुन्हा बसेन.

६ सप्टेंबर
ऑगस्ट लहान वाटला.

३० ऑक्टोबर
पंचेचाळीस. अकानिसीने केक केला. तक्त्यातला पहिला स्तंभ खोडला. तक्ता आता सुटसुटीत दिसतो.

१४ नोव्हेंबर
ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका बालवाडीचे पत्र आले. अकानिसीला. मे महिन्यात ती टिपणे घेत नव्हती, अर्ज लिहीत होती. परीक्षाही देऊन आली; मला वाटले, बहिणीकडे गेली आहे. आता व्हिसाच्या अर्जात नवऱ्याचे नाव घालायचे आहे. माझे नाव ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’ या मथळ्याखाली येते. मथळ्याच्या व्याख्येविषयी बोलू लागलो, तर तिने हात पुढे केला आणि पासपोर्ट मागितला.
पासपोर्टाची मुदत सप्टेंबरात संपली आहे.

१७ नोव्हेंबर
पासपोर्ट कार्यालय. रांग दारापर्यंत. खिडकीतल्या मुलीने तातडीचे कारण विचारले. तीन मार्गांपासून सुरुवात केली. मागचा माणूस पिशवी खाली ठेवून तिच्यावर बसला. मुलगी म्हणाली, “मास्तर, रकाना एवढासाच आहे.”
“बायकोबरोबर जातोय,” म्हणालो.
तिने लिहिले. रकान्यात अर्धी जागा उरली.