लाल चौकट

प्रिय चिमे,

रोज फोनवर एकमेकींचं तोंड बघतो आपण, मग ताईने पत्र कशाला पाठवलं म्हणून तू हसशील. तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. शेवटी कागद घेतला.

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. काचपट्टीवरच्या पेशी बघायच्या, कर्करोगाचा संशय आला तर डॉक्टरीणबाईंकडे द्यायच्या, नाहीतर 'दोष नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. मान गेली, पाठ गेली, पण नजर पक्की राहिली, निदान मला तसं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी ते यंत्र आलं. माझं दिवसाचं काम ते तासाभरात उरकायचं आणि पडद्यावर संशयित पेशींभोवती लाल चौकट घालायचं. ती चौकट खरी की खोटी, एवढंच सांगणं माझ्या वाट्याला उरलं. सुरुवातीला ते साध्या डागालाही चौकट घालायचं, म्हणून आम्ही त्याचं नाव 'घाबरट' ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या फजितीचे किस्से सांगून मी सगळ्यांना हसवायचे. पुढे त्याच्या चुका कमी होत गेल्या, माझे किस्से मात्र तेच राहिले.

तुझं दुखणं निघाल्यापासून तू येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगतेस. परवा तुझा नवरा म्हणाला की जरा आधी कळायला हवं होतं, तेव्हा तू माझा हात धरून त्याला म्हणालीस, "दीड वर्षापूर्वी ताईने स्वतः बघितलं होतं. तेव्हा काही नव्हतंच." आणि मी मान हलवली. चिमे, मी मान हलवली.

तेव्हा होतं. तुझ्या नेहमीच्या तपासणीची पट्टी होती आणि घाबरटाने तिच्यावर तीन चौकटी घातल्या होत्या. तुझं नाव वाचून मला रागच आला. माझ्या बहिणीबद्दल हे डबडं मला सांगणार? घाईघाईने बघितलं, साधी सूज आहे असं स्वतःला पटवलं आणि तिन्ही चौकटी खोडल्या. दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर बाईंना दाखवली असती. तुझी होती म्हणून नाही दाखवली.

काल ती पट्टी कपाटातून काढली. दिसायला मिनिटही लागलं नाही. तशीच बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. तेव्हा हे एका छोट्या शस्त्रक्रियेत निघून गेलं असतं, असं त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

आता रीतसर चौकशी होईल आणि तिचा कागद तुझ्या घरी येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही. मंगळवारी तुला औषध चढवायला न्यायचंय. सकाळी नऊला मी गाडी घेऊन तुझ्या दाराशी उभी असेन. तुला माझ्याबरोबर यावंसं वाटलं नाही तर नवऱ्याला खाली पाठव. त्याच्या हातात किल्ली देऊन मी चालत घरी जाईन.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई