एकवीस बल्बांचं तोरण

८ जानेवारी २०२५, बुधवार
बाथरूमचा बल्ब गेला. जुना, पिवळा, साठचा. अनसूया म्हणाली, येताना नवा घेऊन या. निघालोच होतो. पण हातातल्या बल्बकडे पाहिलं आणि थांबलो. काय आकार! हा फेकायचा? मोबाइलवर शोधलं. जुन्या बल्बच्या फुलदाण्या, झुंबरं, तोरणं. लोक काय काय करतायत आणि मी रिटायर होऊन सहा महिने नुसता पेपर वाचतोय.

संकल्प: २ फेब्रुवारीला चारुताच्या पुण्याच्या फ्लॅटची वास्तुशांत. त्या दारावर बापाच्या हातचं एकवीस बल्बांचं तोरण. वाळूजला कंपनीत तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेले पार्ट तपासले, स्वतः काहीच केलं नाही. लेकीच्या घरात आपल्या हातची एक वस्तू असावी, फार वाटतं.

बाथरूमचा बल्ब उद्या.

९ जानेवारी
तंत्र सोपं आहे. बुडाची टोपी पकडीनं सोलायची, आतली काळी काच फोडायची, तार ओढून काढायची. दहा मिनिटांचं काम.

दुपारी २.१०. बल्ब फुटला. मटेरियल डिफेक्ट. अंगठ्याला दोन पट्ट्या. अनसूयानं विचारलं, नवा आणला का? कलेच्या पहिल्याच दिवशी हे असले प्रश्न.

१२ जानेवारी
कॉलनीच्या ग्रुपवर आवाहन केलं: गेलेले बल्ब द्या. उदंड प्रतिसाद. दोन पिशव्या भरून आले, शिवाय एक मिक्सर. पण सगळे एलईडी! प्लास्टिक. या शहरात आता काचेचा बल्ब कुणाकडे जातच नाही.

तरी अभ्यास म्हणून ड्रॉवरमधला एक एलईडी फोडून पाहिला. आत एक पांढरी चकती, बाकी काही नाही. नंतर कळलं, तो नवा होता. अनसूयानं बाथरूमसाठी स्वतः आणून ठेवला होता. तिनं मेणबत्त्यांचा पुडा शोधून काढला. रागावली असती तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी
संक्रांत. अनसूयानं तिळगूळ हातावर ठेवला. पुढचं 'गोड बोला' म्हणाली नाही.

१५ जानेवारी
शहागंजात एका जुन्या दुकानात काचेचे बल्ब सापडले. फ्यूज झालेले आहेत का, विचारलं. दुकानदार म्हणाला, चाचा, हमारे पास तो नया माल रहता, फ्यूज तुम घर जाके कर लेव. चोवीस घेतले. एकवीस अधिक तीन स्पेअर. क्वालिटीत आयुष्य गेलंय, रिजेक्शन धरून चालतो.

टाकाऊतून टिकाऊच करतोय. फक्त माल आधी टाकाऊ करून घ्यावा लागतोय, एवढाच फरक.

अनसूया म्हणाली, चोवीस आणलेत, एक बाथरूमला लावा. तिला समजावलं की सेट मोडतो. ती मेणबत्ती घेऊन आंघोळीला गेली. जुन्या काळची आठवण म्हणून मला तरी ते छान वाटलं.

२० जानेवारी
स्पेअर संपले. त्यानंतर आणखी सहा गेले.

दगडाबाई आज झाडू टेकवून उभीच राहिली. ती पिशोरची, आमच्याकडे धुणंभांडी करते. म्हणाली, काका, न्हाणीत दिवा नाय अन् अंगणात समद्या काचा. म्या काय पाय कापून घ्यायला येते व्हय? मी तिला कलेचं महत्त्व सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि लेकीकडं जाते म्हणून चार दिवस सुट्टी टाकली. भांडी मी घासली. अंगठा झोंबला.

अंधारात दाढी करायची सवय झालीय. हातालाच दिसतं आता.

२६ जानेवारी
मोजणी: शिल्लक नऊ. नवग्रहही नऊच. एकवीस जरा भडकच दिसलं असतं.

३० जानेवारी, संध्याकाळ
सोनेरी स्प्रे मारला. गच्चीवर वारा होता, पण कलाकार थांबत नाही. तोरण तारेत ओवलं. खरंच सुंदर झालंय. बराच वेळ बघत बसलो. एक खालून फुटल्यामुळे नळीसारखा दिसतो, पण तो मागच्या बाजूला वळवला.

अनसूया कानाबद्दल काहीतरी म्हणाली. लक्ष दिलं नाही. मला ऐकू कमी येतं, हे तिचं नेहमीचंच.

२ फेब्रुवारी, रविवार, पुणे
बसमध्ये दोन फुटले. सात राहिले. सप्तर्षी.

चारुतानं मिठी मारली. म्हणाली, बाबा, तुम्ही केलंत? डोळे भरून आले, तिचे नाही, माझे. दारावर फुलवाल्याचं तोरण आधीच होतं, म्हणून जावईबापूंनी आपलं मागच्या बाल्कनीत लावलं, वॉशिंग मशीनच्या वर. पुण्यात म्हणे लोक बाल्कनीतच बसतात.

कौतुक मात्र अमाप. आलेला प्रत्येक जण माझ्याकडे वळून पाहत होता. विहीणबाई तर बोलता बोलता मध्येच थांबून माझ्या डाव्या बाजूला बघत राहिल्या. गुरुजीसुद्धा एक मंत्र विसरले. कलाकाराच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं, ते लपत नाही. सगळ्या फोटोंत पुढे उभा राहिलो. चारुताला सांगितलं, मोठे करून पाठव, हॉलमध्ये लावतो.

४ फेब्रुवारी, सकाळ
पुण्याहून निघताना चारुतानं एक खोकं दिलं होतं, घरी गेल्यावर उघडा म्हणाली होती. वाटलं, शाल असेल. आत एलईडी बल्ब. वर चिठ्ठी: बाबा, आईनं माझ्याकडे एवढंच मागितलं. हा लावा. फोडू नका.

खूप वाईट वाटलं. सत्तावीस दिवस ती बाई मेणबत्तीवर आंघोळ करत होती आणि मी सेट मोडेल म्हणत होतो. स्टूल घेतलं, लावला. एक मिनिट लागलं. अनसूया दारात येऊन उभी राहिली. वर बघून म्हणाली, अहो, मस्त झालं. महिनाभरात माझ्या हातच्या कामाला तिनं पहिल्यांदा मस्त म्हटलं. तिथंच स्टुलावर बसावंसं वाटलं.

मग दाढी करायला आरशासमोर गेलो.

डावा कान सोनेरी आहे. पूर्ण. मागून मानेपर्यंत.

अनसूयाला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, त्याच दिवशी सांगितलं होतं. पुण्याला चारुताला फोन लावला, फोटो पाठवू नकोस म्हटलं. ती म्हणाली, बाबा, ते कालच फ्रेम करायला दिले, आणि डावीकडून तुम्ही फार छान आलायत.