माळ आणि मुशी

श्रीगोंदा

चि. ऋतुजास आशीर्वाद,

तू मालवणला शार्क, म्हणजे आपली मुशी, वाचवायचं काम करतेस. दूध यावं म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालू नका, असं तिथल्या बायकांना घरोघर सांगतेस.

गेल्या आठवड्यात तुझ्या वहिनीला दूध कमी पडलं, म्हणून विहीणबाई सुकी मुशी घेऊन आल्या. मी ती परत दिली आणि आळिवाची खीर केली. त्या म्हणाल्या, "माळकऱ्यांच्या घरात चालत न्हाई व्हय? मग पाजा लेकराला तुळशीचं पाणी." मी हसले. नाव माळेचं झालं, पण नको म्हटलं ते तुझ्यासाठी. चार दिवसांत दूध आलं, बाळ पोटभर पितंय.

पण तुझ्या वेळी मलाही दूध नव्हतं. माळ काढून देवापुढे ठेवली आणि महिनाभर मुशीचं कालवण खाल्लं. दूध कशानं आलं ते पांडुरंगाला ठाऊक. तेव्हा मला ती मुशीच पावली असं वाटलं.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. एखादी म्हातारी तुला विचारेल, तुझ्या आईनं काय खाल्लं होतं. तेव्हा 'मला ठाऊक नाही' म्हणताना तुला खोटं बोलावं लागू नये.

तुझी,
आई