पहिला पंप तुझ्या हातून

माय, गेल्या आठवड्यात धाकट्याला घेऊन जळगावला गेले होते, दिव्यांगाचा दाखला काढायला. चौतीस वर्षांचा झाला तुझा लेक, अजून त्याच्या शर्टाची बटणं मीच लावते. फॉर्म भरता भरता डॉक्टरबाईंनी विचारलं, हा पोटात असताना आई शेतात औषध फवारायची का? मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं ते. फवारायचे नाना, तुझे धनी; तू फक्त कालवून द्यायचीस.

तेव्हा मी आठ वर्षांची होते. कपाशीवर पहिली फवारणी होती आणि आबांनी, तुझ्या सासऱ्यांनी, हट्टच धरला की पहिला पंप पोटुशी सुनेच्या हातानं भरायचा, म्हणजे बोंडं भरभरून लागतील. तुला सातवा महिना होता. नवं लुगडं आणलं, पंपाला हळदकुंकू वाहिलं. तू बांगड्या कोपरापर्यंत सारल्यास आणि बादलीतलं ते पांढरं पाणी हातानं ढवळलंस. काठी होती शेजारीच, पण आबांना हात लागायला हवा होता. पुढे त्या मोसमात दर वेळी तूच. किती मिरवलीस तू, आणि मीही. संध्याकाळी त्याच हातांनी भाकरी थापत होतीस. मी वासानं तोंड वाकडं केलं तर माझ्यावरच डाफरलीस.

असं का विचारता म्हटल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा औषधांनी पोटातल्या बाळाच्या वाढीला बाधा येऊ शकते, पण इतक्या वर्षांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. मग मी काय करू हे घेऊन? शेजारच्या काकूही पोटुशी असताना त्याच शिवारात राबल्या, त्यांचा मुलगा धुळ्याला मास्तर आहे. धाकटा जन्मल्यावर बराच वेळ रडला नव्हता, तेही खरं. रागवायचं कुणावर तेच कळत नाही. आबांवर रागवावं, तर त्यांनी तुला मान दिला होता, आणि या घरात तुला दुसरा कुठला मान मिळाल्याचं मला आठवत नाही. धाकटा सात वर्षांचा असताना बटणावरून मी त्याला मारलं, तेव्हा तू मला बाजूला ओढून म्हणालीस, "त्याले बठ्ठं समजस, फक्त येळ लागस." सगळं समजतं त्याला, हे म्हणताना तुला काही संशय होता का गं? तू गेलीस आणि विचारायचं राहूनच गेलं.

घरी आले तर नाना ओट्यावर वाट बघत बसलेले. ऐंशीला टेकलेत आता. दाखल्याचं काही विचारलं नाही. धाकटा आत गेल्यावर हळूच म्हणाले, "आपलाच हातनी काही चूक व्हयनी का?" मी नाही म्हटलं, काही चूक झाली नाही, आणि चहा ठेवायला उठले. डॉक्टरबाईंचं बोलणं त्यांना सांगावं की नाही, रोज ठरवते आणि रोज मोडते.

हे पत्र मी कुणाच्या हाती लागू देणार नाही, म्हणून तुला सांगते. मी तुझ्या पोटात होते तेव्हा आपल्याकडे नुसती ज्वारी असायची, औषध शेतात आलंच नव्हतं. दवाखान्यात मला हे आठवलं. धाकटा माझा हात धरून शेजारी बसला होता, आणि माय, सगळ्यात आधी मला वाटलं, बरं झालं, मी सुटले.