हिरवा मासा आणि ताळा

नांदेड, रविवार

प्रिय सिंधुआत्या,

दिसला गं, मासा चमकला! फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. जूनपासून तुझ्या क्लासला केमिस्ट्री शिकवायला मी येणार की नाही, याचं उत्तरही याच पत्रात देते. पण आधी मासा.

सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आठवतो ना? तोच वायू अगदी कणभर आपल्या शरीरातही तयार होतो आणि पेशींचे निरोप पोचवतो. डोळ्यांना मात्र दिसत नाही. म्हणून मी एक रंग बनवलाय. एरवी विझलेला, पण हा वायू भेटला की निळ्या उजेडाखाली हिरवा चमकणारा. झेब्राफिशची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्यांच्या पाण्यात तो रंग घातला, मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर शेपटी हलवणारं जिवंत पिल्लू आतून हिरवंगार!

लॅबमधले सगळे नाचायला लागले, मी मात्र घाबरले. पिल्लाच्या पोटातला बलक आपला आपणही थोडा चमकतो. तोच तर दिसत नसेल? शेजारच्या टेबलावरचा मुकुल म्हणाला, "लई शंका काढून राहिलीस बाई, माशालाच विचार की!" पण भूकंपात शाळा पडल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मला पाटीवर गणितं घातलीस ती तू. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायचीस, "आधी ताळा कर, मग उड्या मार." म्हणून ताळा केला. औषध देऊन पिल्लांमधला वायू बनणं थांबवलं, तर हिरवं विझलं. मग तोच वायू बाहेरून दिला आणि ती पुन्हा उजळली! तेव्हा अशा उड्या मारल्या की माझ्या गाइड मॅडम धावत आल्या.

आता जूनचं. त्या शेडमधल्या शिकवणीचा तू एवढा मोठा क्लास केलास, बोर्डवर माझं नाव घालायला पेंटरलाही सांगितलंस. दिवाळीत विषय काढलास तेव्हाच नाही म्हणावंसं वाटलं होतं, पण माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. म्हणून सुट्टीत तुझी एक बॅच मुद्दाम मागून घेतली. मुलं गोड होती, शिकवणंही जमलं, पण सकाळी उठावंसं वाटेना. परत आले तेव्हा एसटीतून उतरून घरी न जाता, बॅग घेऊन थेट माशांकडे गेले. आत्या, मी जूनला येणार नाही. रागाव हवं तर. पण पेंटरला थांबव आणि एकदा इकडे ये. पिल्लू तयार ठेवते, स्वतःच्या डोळ्यांनी ताळा कर.

तुझ्या पाटीवरची, तुझीच
मुग्धा