इमारत रिकामी दिसू नये म्हणून

ती. ताईंना,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात, की अजून रुसलेलेच आहेत? रात्री शेक घेता ना? इकडे मी सुखरूप आहे, आणि हे वाक्य या खेपेला सवयीनं लिहिलेलं नाही. तेव्हा आधी एक करा. माझ्यासाठी डॉक्टरांची जी वेळ घेतली आहे ती रद्द करा, आणि मला कायमची आणायची म्हणून जी खोली रिकामी केली आहे तिच्यात तुमच्या गाद्या परत ठेवा. माझं डोकं ठिकाणावर आहे. त्या इमारतीत खरोखरच माणूस होता. खरं तर दोन होते, त्यातली एक मी.

माझं काम तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, चूक माझीच. हे जिथे अकरा वर्षं दारावर पहाऱ्याला होते, तीच ती चार मजली कचेरी. कचेरी दुसरीकडे गेली, इमारत राहिली. ती विकली जाईपर्यंत तिच्यावर गस्त ठेवायची. रोज सकाळी नऊला पुढच्या दारानं आत जायचं, प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक बिल्ला आहे, त्याला हातातलं यंत्र टेकवायचं. ते टुंक करतं, म्हणजे बाई इथवर आल्या याचा पुरावा. (आल्या एवढंच त्याला कळतं, दम लागलाय हे नाही.) नळ सोडून पाहायचे, खिडक्या ओढून पाहायच्या, आणि रजिस्टरात ‘सर्व ठीक’ लिहून सही ठोकायची. पण खरं कसबाचं काम पुढेच आहे. इमारत रिकामी आहे हे बाहेरून दिसलं की चोरांचं फावतं, म्हणून ती रिकामी दिसू नये असा कंपनीचा नियम आहे. दारात पडलेलं टपाल उचलायचं, पडदे एक दिवस डावीकडचे उघडायचे, एक दिवस उजवीकडचे, खिडकीतली कुंडी अधूनमधून हलवायची. थोडक्यात, नसलेल्या माणसांचा संसार चालू ठेवायचा. यात मला कोणी नवीन शिकवावं असं काही नव्हतं.

तर तीन आठवड्यांपूर्वी मी उघडलेला पडदा दुसऱ्या दिवशी बंद दिसला. कुंडीला कोणीतरी पाणी घातलेलं. मी टेबलावर नुसतं टाकलेलं टपाल तारखेवार लावून, वर दोरा बांधून ठेवलेलं. (ज्याला तारखा लावायला सवड आहे तो चोर कसला, असं मला तेव्हाच वाटलं होतं.) मी सगळं रजिस्टरात सविस्तर लिहिलं. तुम्हाला माहीत आहे, मी वाचायला शिकले ती यांच्या ड्युटीच्या वह्यांवरून, आणि त्यानंतर हाती लागलेला कागद कधी सोडला नाही, त्यामुळे लिहायला बसले की हात आवरत नाही. सुपरवायझर वहीची चार पानं वाचून म्हणाले, “मावशी, हे रजिस्टर आहे, कादंबरी नाही.” मग म्हणाले, “आत माणूस असेल तर तुमची गस्त कच्ची. नसेल तर तुमचं डोकं. शनिवारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी दुसरी बाई बघतो.”

दुसरी बाई. ताई, त्या दारातून आत जाणारं आपल्या माणसांपैकी मी एकच उरले आहे.

आणि एक गोष्ट मी रजिस्टरात लिहिली नव्हती, फक्त तुम्हाला कळवली होती, जिच्यावरून तुम्ही डॉक्टर गाठलेत. ती म्हणजे पहिल्या मजल्यावरची यांची खुर्ची. हयात असताना दुपारचा डबा खायला हे तिथे खिडकीशी बसत, आणि संध्याकाळी मी यांना घ्यायला गेले की खुर्ची नेहमी तिरकीच दिसे, अर्धी पाठ रस्त्याकडे करून. मी म्हणायची, सरळ बसलात तर घास अडकेल का? आता मी रोज सकाळी ती सरळ करून टेबलाखाली सारत होते, आणि रोज सकाळी ती खिडकीशी, तशीच तिरकी.

मंगळवारी मी जिन्यावर पीठ पसरलं. बुधवारी त्यात पुरुषाच्या बुटांचे ठसे मिळाले. पण माझ्याही चपलांचे ठसे होते, आणि त्यांच्याभोवती कोणीतरी खडूनं गोल काढले होते. ताई, मी घाबरले नाही, फक्त दोन मिनिटं पायरीवर बसले.

शुक्रवारी मी दुपारी बाराला परत गेले आणि दप्तरखान्यात शेवटच्या कपाटामागे फरशी पुसायच्या दांड्यासकट दडले. जिना दिसेल अशी तेवढी एकच खोली. तासभर झाला. पायाला मुंग्या आल्या. इतक्यात शेजारच्या कपाटामागून फोन वाजला, आणि एक पुरुष दबक्या आवाजात बोलू लागला, “हो, जेवलो. नाही, अजून आली नाही ती. बाई आहे म्हणून काय झालं? टोळी असेल मागे.”

मी म्हणाले, “टोळी उपाशी आहे.”

ते गृहस्थ केवढ्यांदा ओरडले म्हणून सांगू. त्यांच्या हातात छत्री, माझ्या हातात दांडा, आणि मधे पडलेल्या फायली. फोनमधून त्यांची बायको विचारत होती, “अहो, कोण आहे? कोण आहे ते?” तो प्रश्न तीन आठवडे आम्हा दोघांनाही पडला होता.

झालं होतं असं, की मालकानं आमची कंपनी नेमली, आणि विमावाल्यांनी आपली वेगळीच. एकानं दुसऱ्याला सांगितलं नाही. मी सकाळी पुढच्या दारानं, ते दुपारी मागच्या दारानं. (शुक्रवारी तेवढे ते माझ्याही आधी येऊन दडले होते, आणि मी आत शिरले तेव्हा त्यांना डुलकी लागली होती.) त्यांच्याही कंपनीचा नियम तोच, इमारत रिकामी दिसू नये. आम्ही दोघांनी मिळून ती इतकी भरलेली दाखवली की आम्हीच फसलो. गृहस्थ निवृत्त पोस्टमन आहेत, म्हणून टपाल तारखेवार. त्यांनी मला आपलं रजिस्टर दाखवलं. त्यात लिहिलंय, ‘अज्ञात बाई वावरते. कुंडी हलवते. चांगल्या घरातली वाटते.’ त्यांनाही शनिवारचीच मुदत होती.

काल दोन्हीकडचे सुपरवायझर आले, एकमेकांवर ओरडले, मग आपापल्या साहेबांना फोन करून गप्प झाले. सकाळ माझी, दुपार त्यांची, असं ठरलं. नोकरी राहिली. रात्री मी आठ तास झोपले.

जाता जाता पोस्टमनना खुर्चीचं विचारलं. ते म्हणाले, “दुपारी तिथे ऊन डोळ्यांवर येतं हो. कोणीही बसला तरी तशीच वळवणार.” मी आज एक वाजता जाऊन बसून पाहिलं. खरं आहे. अकरा वर्षं मी ज्याला यांची खोड समजत होते, ते ऊन होतं. तेव्हा मी कधी दुपारची गेलेच नव्हते ना. पाठीला बरं वाटतं, ताई. बराच वेळ बसले.

मुलांना आशीर्वाद. जिना जपून.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पोस्टमनचं म्हणणं, त्यांच्याआधी मी ओरडले. दप्तरखान्यात आवाज घुमतो, म्हणून त्यांना तसं वाटलं असावं.

आणखी एक. हे गेल्यावर तुम्ही आठवण म्हणून त्या खुर्चीवरची त्यांची उशी मागितलीत. मी लगेच दिली, आणि मग वर्षभर पत्र लिहिलं नाही. तुमचे गुडघे दुखत असताना पत्र घ्यायला जिना उतरावा लागू नये म्हणून लिहिलं नाही, असं मागाहून कळवलं होतं. ते खोटं होतं. ती उशी पाठवाल का? धुऊ नका. मला घरी नको आहे. सकाळी खुर्ची मी आता सरळ करत नाही, आणि पोस्टमन म्हणाले, उशी आली तर ती खुर्चीवरच राहू देतील आणि स्वतः शेजारच्या बाकावर बसतील. सुपरवायझरनी विचारलंच तर उत्तर तयार आहे. इमारत रिकामी दिसू नये, हा कंपनीचाच नियम आहे.