वरून प्यायचा पेला

अप्पा, आज सकाळी मी केलेल्या रांजणाला पेल्याची कड आली. खांदा छान उतरला होता, गळाही धरला होता. पण बोटं काठाशी पोचली आणि मला न विचारता तो पातळ करून बाहेर वळवून मोकळी झाली. बोटांना ही खोड तुमच्यामुळे लागली.

पुदुच्चेरीहून मातीकाम शिकून आले तेव्हा मी हवेत होते. तिथल्या बाईंनी शिकवलं होतं, पेल्याचा काठ जाड आणि गोल हवा, ओठांना बरा वाटेल असा. तसा पहिला पेला मी तुमच्यासाठी केला. तुम्ही ऑफिसच्या घाईत स्वयंपाकघरात उभे आहात, मान मागे टाकता, पेला तोंडाच्या वर धरता, आणि सगळी कॉफी इस्त्रीच्या शर्टावर! तंजावुरातच लहानाची मोठी झालेली मी, आपल्या घरात पेला उष्टा होऊ नये म्हणून त्याला कुणी ओठ लावत नाही हेच विसरले होते. आई पदराने शर्ट पुसत हसत होती. तुम्ही मात्र चिडलात. "एवढं शिकून आलीस, आणि ओठ लावून एच्चिल करून प्याचा पेला केलीस? धार पडाला पाहिजे गे, धार!"

मग मीही हट्टाला पेटले. रोज संध्याकाळी तुम्ही अंगणात माझा नवा पेला पाणी भरून तपासायचात आणि ओल्या मिशांनी नापास करायचात. शेवटी एकदा बारीक धार सरळ घशात उतरली. तुम्ही पेला पालथा घातलात आणि म्हणालात, "आता हे सोडू नको."

सोडलं नाही. तुम्ही गेलात, मागोमाग आई गेली, मी पेले करतच राहिले. मधे लाकडाच्या भट्टीत राखेच्या रंगाचे घडे भाजले, पसरट थाळे केले. प्रदर्शनात लोक ते बघून आपल्या तंजावुरच्या बाहुलीसारख्या माना डोलवायचे आणि पेले घेऊन जायचे. वर सगळे खुशाल ओठ लावून पितात! आता चेन्नईच्या एका हॉटेलला पेले हवेत, कायमचे, आणि इतके की भट्टीत दुसऱ्या कशाला जागा उरणार नाही. आज उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघींची घरं याच चाकावर चालतात. त्यांनी तर देवळात अर्चना करून प्रसादही आणला. माझा मात्र जीव गुदमरतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुपारी तुमचा तो पहिला जाड पेला फळीवरून काढला. ठरवलं, यातून ओठ लावून कॉफी प्यायची. तेवढं जमलं तर हॉटेलला नाही म्हणायचं. पेला उचलला आणि मान आपोआप मागे गेली. साडीभर कॉफी झाली. पुसायला आई नव्हती. साडी बदलली आणि हॉटेलला हो म्हणून कळवलं.

माझ्या मुलाला मराठी समजते, ही लिपी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहून टाकते. 'आता सोड' हे फक्त तुम्हीच म्हणू शकला असतात, अप्पा. ते न म्हणताच गेलात, याचा मला अजून राग येतो.